फकथोंग सुखी आहे का?

चौतीस वर्षं मी राचबुरीच्या वाचनालयात नोकरी केली, आणि त्या चौतीस वर्षांत आलेलं एकही पत्र अनुत्तरित ठेवलं नाही! एकाने विचारलं होतं, ‘तुमचं हरवलेलं पुस्तक सोळा वर्षं माझ्याकडेच आहे, परत करू का?’ त्यालाही मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. (करा.) माणसांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, पण कागदावर मी वाघ आहे. निदान तशी माझी समजूत होती.

निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी ती समजूत एका पत्राने मोडली. पत्र फायचं होतं.

फाय म्हणजे आमच्या वाचनालयातली सर्वांत चिकट वाचक. कुलूप लावायची वेळ झाली तरी कपाटांमागून बाहेर यायची नाही. बारा वर्षांची असताना तिने जत्रेतून मूठभर आकाराचं कासव आणलं आणि त्याचं नाव ठेवलं फकथोंग, म्हणजे लाल भोपळा. शिकायला चियांग माईला गेली तेव्हा ते माझ्याकडे ठेवून गेली. “दोनच महिने हं, काका!” म्हणाली होती. त्याला सहा वर्षं झाली. मुठीतला भोपळा आता बावीस किलोंचा आहे. फाय जनावरांची डॉक्टर झाली आणि लोकांनी हौसेने पाळून मग टाकून दिलेल्या सरड्या-सापा-कासवांच्या आश्रमात कामाला लागली. तिथून तिने लिहिलं होतं:

‘काका, फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही सगळ्याला हो म्हणता. एकच प्रश्न आहे. फकथोंग सुखी आहे का? जगतंय ना, असं विचारत नाही. सुखी आहे का? खरं लिहा. नसेल तर पावसाळा संपल्यावर मी येऊन त्याला इकडे घेऊन जाईन. सोबत आमची पुस्तिका पाठवते आहे.’

मी लगेच कागद घेतला. लिहिलं, ‘प्रिय फाय, फकथोंग’ आणि थांबलो.

कासव सुखी आहे की नाही, हे ओळखायचं कसं? ते हसत नाही. शेपूट हलवत नाही. एकाहत्तर वर्षांचा होऊन मी स्वतः सुखी आहे का, हे मला कोणी विचारलं असतं तर मी संदर्भग्रंथ शोधायला गेलो असतो!

पेन ठेवून मी मागच्या न्हाणीच्या चौकात गेलो. चार भिंती, खाली सिमेंट. फकथोंग नेहमीप्रमाणे भिंतीला खांदा घासत चाललं होतं. कोपरा आला की वळायचं, पुन्हा भिंत. सहा वर्षं मी याला त्याची प्रभातफेरी समजत आलो होतो. पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, “केवढी शिस्त आहे बघा!”

पुस्तिकेचं तिसरं पान म्हणत होतं: ‘बंदिवासातला प्राणी भिंतीकडेने सतत येरझाऱ्या घालत असेल, तर तो कंटाळलेला आहे.’

चौथं पान म्हणत होतं: ‘रोज एकाच जागी, एकाच ताटलीत, एकच अन्न देणं म्हणजे त्याचं डोकं रिकामं ठेवणं.’

ताटली तिथेच होती. तिच्यात नाळीची भाजी होती. सहा वर्षांपूर्वीही तीच होती. मला इतकी लाज वाटली की मी फकथोंगची क्षमा मागितली. त्याने ताटलीत पाय ठेवला.

झालं! ठरलं! आधी त्याला सुखी करायचं, मग उत्तर लिहायचं. म्हणजे खोटंही लिहावं लागणार नाही आणि भोपळाही जाणार नाही. कारण खरं सांगतो, मला ते जायला नको होतं. घरात दुसरं कोणी श्वास घेत नाही.

दुसऱ्याच दिवशी मी चौकाचं दार काढलं आणि फकथोंगला मागची बाग मोकळी केली. आमच्या गावात कुंभारांच्या भट्ट्यांना तोटा नाही. एका भट्टीवरून बूड गेलेला मोठा रांजण आणला, नक्षीचा ड्रॅगन वर येईल असा आडवा पुरला. झाली गुहा! उन्हासाठी दगडी उंचवटा केला, लोळायला चिखल केला. आणि खाणं? खाणं लपवायचं! पुस्तिकेत तसंच होतं. जास्वंदीची पानं गवताच्या गंजीत, निवडुंगाचा तुकडा विटेमागे, झेंडूची फुलं नारळाच्या करवंटीखाली. काय कुठे लपवलं याची मी कार्डं केली, वाचनालयात करायचो तशी: विषय, जागा, तारीख. बावन्न कार्डं झाली. हयातीत इतकं चोख काम मी कधी केलं नव्हतं!

पहिल्या दिवशी फकथोंग जुन्या ताटलीच्या जागी जाऊन चार तास उभं राहिलं. ताटली तिथे नव्हती, तरी उभं राहिलं. कचेरी हलवल्याचं न कळलेल्या कारकुनासारखं! दुसऱ्या दिवशी त्याने चुकून करवंटीला धक्का दिला. खाली झेंडू! त्याने झेंडू खाल्ला. करवंटीकडे पाहिलं. मग त्याने मान वर करून सगळ्या बागेकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं: अजून कुठे कुठे आहे?

त्या क्षणी मी सावध व्हायला हवं होतं. मी टाळ्या वाजवल्या.

आठवडाभराने सकाळी कुंपणापलीकडून हाक आली. “विरुनदादा! अहो विरुनदादा! लवकर या!”

या आमच्या शेजारीण, लमयाय मावशी. वयाने माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण गल्लीच्या मावशी, म्हणून माझ्याही मावशी. सोंगक्रानला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, मुलगे येतात तेवढे चार दिवस सोडले तर एकट्याच असतात. बारा वर्षं आम्ही शेजारी आहोत. या बारा वर्षांत मी त्यांच्याशी एकूण शंभरेक शब्द बोललो असेन, त्यांतले नव्वद ‘हो’ होते.

त्यांच्या अंगणात खांबावर जागेच्या राखणदाराचं देवघर आहे. सगळ्यांच्याच अंगणात असतं. पण मावशींचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या नैवेद्य वर चढवत नाहीत. खाली वीतभर उंचीच्या चौरंगावर ठेवतात. झेंडूची माळ, केळं, आणि नळी घातलेली लाल सरबताची बाटली.

“बघा!” त्या कुजबुजल्या. “माळ गेली! सकाळी वाहिली, न्याहारी करून येते तर नाही! राखणदाराने घेतली!”

“हो,” मी म्हणालो.

“एकेचाळीस वर्षं वाहते आहे. आज पहिल्यांदा घेतली!” त्यांचे डोळे भरून आले होते.

मी परत फिरलो. रांजणात फकथोंग डोळे मिटून पहुडलं होतं. त्याच्या चोचीला झेंडूची एक केशरी पाकळी चिकटलेली होती.

कुंपण म्हणजे जास्वंदीची रांग आणि तिच्या बुडाशी पत्रा. पत्रा एका जागी असा वाकला होता, जणू त्याखालून कोणी बैलगाडी नेली आहे!

आता सरळ माणसाने काय केलं असतं? पलीकडे जाऊन सांगितलं असतं. मीही दुसऱ्या दिवशी गेलो. वाक्य पाठ करून गेलो: ‘मावशी, माळ कासवाने खाल्ली, मी दिलगीर आहे.’ आठ शब्दसुद्धा नाहीत!

“मावशी, माळ...”

“आजही घेतली!” त्या म्हणाल्या. “बसा ना दादा. नारळाच्या दुधातला चिकट भात केलाय, आंबा चिरते.”

आंबा घालून चिकट भात खाताना कोणाला कबुलीजबाब देता येतो? मी खाल्ला. ‘छान’ म्हणालो. परत आलो.

तोवर बातमी गल्लीत पसरली होती. पहिल्याच दिवशी मावशींनी ती पपईचं सॅलड विकणाऱ्या तोयला सांगितली होती, आणि तोयला सांगणं म्हणजे देवळाचा भोंगा लावणं! बायका आपापल्या माळा घेऊन यायला लागल्या. उकडलेली अंडी आली. केळ्यांचे घड आले. लाल बाटल्यांची रांग लागली. तोय तर चौरंगाला पावडर चोळून त्यावर सोडतीचा आकडा उमटतो का बघत तासन् तास बसायची.

“सात दिसतोय की नाही, काका?”

“ओरखडा आहे तो.”

“सातासारखा ओरखडा ना?”

आणि इकडे माझ्या बागेत राखणदाराचं पोट बिघडलं! या जातीच्या कासवाला गवत-पाला चालतो, गोड फळ सोसत नाही. पुस्तिकेच्या नवव्या पानावर ठळक अक्षरांत आहे. शिवाय मला भीती माळेच्या दोऱ्याची. आतड्यात अडकला म्हणजे? रोज सकाळी मी, माजी ग्रंथपाल, हातमोजे घालून कासवाची विष्ठा तपासत होतो. दोरा सापडला की हायसं वाटायचं, नाही सापडला की धसका बसायचा!

दुसऱ्यांदा पलीकडे गेलो. या वेळी मी युक्ती योजली.

“मावशी,” मी म्हणालो, “मी एका पुस्तकात वाचलं... म्हणजे जुन्या पुस्तकात... की वयस्कर राखणदारांना केळी सोसत नाहीत.”

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. “असं?”

“गोड एकूणच. पाला वगैरे बरा.”

“कुठला पाला म्हणतं पुस्तक?”

“जास्वंदीचा. आणि... नाळीची भाजी अधूनमधून. रोज नको.”

“रोज नको,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “बरं झालं सांगितलंत. भजी खाणार?”

आणि काय आश्चर्य! दुसऱ्या दिवसापासून चौरंगावर जास्वंदीचा पाला! केळ्यांचे घड मावशी बायकांकडून घेऊन भिक्षेला येणाऱ्या भिक्खूंना देऊन टाकायच्या. झेंडूची फुलंही ओवलेली नाहीत, सुटी, ताटलीत. वयोमानाने मावशींना आता ओवायचा कंटाळा येत असेल, असं मी मनात म्हटलं. पण माझी युक्ती? बिनतोड! मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी आरशात पाहून भांग पाडला.

फकथोंगचं पोट सुधारलं. पण चोरी ती चोरीच. फायला मी काय लिहू? ‘सुखी आहे, शेजारच्या देवाच्या नैवेद्यावर’? म्हणून मी मन घट्ट करून पत्र्याची फट बंद केली. विटा रचल्या. भोपळ्याने तासाभरात विटा बाजूला केल्या, अगदी रस्ता बांधणाऱ्या यंत्रासारख्या! मग मी मातीने भरलेल्या सात मोठ्या कुंड्या ओळीने लावल्या. त्या मात्र हलल्या नाहीत.

दोन दिवसांनी मावशी कुंपणाशी उभ्या होत्या.

“दोन दिवस झाले,” त्या हळूच म्हणाल्या, “कोणी येत नाही.”

एवढंच. ताटलीतला पाला सुकला होता. मला माझ्याच कुंड्यांवर डोकं आपटावंसं वाटलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो, तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर “मावशी, गुडघे कसे आहेत?” त्यांनी तासभर सांगितलं.

फकथोंगने मात्र कुंड्यांचं दुःख केलं नाही. ते खणू लागलं. रांजणाच्या मागच्या बाजूला, पुढच्या पायांनी, दिवसाला दोन-दोन तास. सतराव्या पानावर काय होतं? ‘खणणं ही या कासवांची सर्वांत खोल गरज आहे. खणू द्या.’ मी दिलं! आनंदाने माती बाजूला केली. कार्ड लिहिलं: ‘खोदकाम. प्रगती: उत्तम.’ कार्डावर मी तारीख लिहिली, मातीचा प्रकार लिहिला, भोकाची रुंदी लिहिली. दिशा लिहायचं राहिलं.

पाच-सहा आठवडे गेले. एके दिवशी मावशी म्हणाल्या, “दादा, गुरुवारी विधी ठेवलाय, नऊ वाजून नऊ मिनिटांनी. तुम्ही यायचंच. राखणदाराचं काहीतरी बिघडलंय. मुळातूनच.”

देव रुसला म्हणून विधी! माझ्या कुंड्यांपायी! त्या रात्री मी फायला लिहायला घेतलेल्या उत्तराचे अकरा कागद फाडले.

गुरुवारी सगळी गल्ली अंगणात जमली. पांढऱ्या शुभ्र वस्त्रांत विधी सांगणारे ब्राह्मणबुवा, चौरंगावर उकडलेली कोंबडी, शहाळी, नऊ प्रकारची मिठाई, आणि देवघराच्या खांबाला भरगच्च माळा. तोय पहिल्या रांगेत, हातात पावडरचा डबा. मी सगळ्यांत मागे, फणसाच्या आडोशाला.

बुवांनी उदबत्त्या लावल्या, मंत्र सुरू केले. सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मी मिटले नाहीत, कारण मला देवघर हललेलं दिसलं.

आधी वाटलं, माझा चष्मा. चष्मा पुसला. देवघर आणखी कललं. झोप लागलेला माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकवतो ना, तसं! एक लाल बाटली घरंगळत बुवांच्या पायाशी आली. बुवांनी एक डोळा उघडला. मंत्र थांबले.

“खांब!” कोणीतरी ओरडलं. चौघांनी धावून खांब धरला. त्याच वेळी चौरंगाशेजारची माती फुगली, भाकरीसारखी टम्म फुगली, फुटली, आणि आतून मातीने माखलेलं एक डोकं वर आलं. मग खांदे. मग भलीमोठी पाठ.

गल्ली गुडघ्यांवर बसली!

फकथोंगने डोळ्यांवरची माती झटकली, जमलेल्या पन्नास माणसांकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं, आणि खांबाच्या माळेचं टोक ओढून खायला सुरुवात केली.

“प्रकट झाले!” तोय किंचाळली आणि डबाभर पावडर त्याच्या पाठीवर ओतली. “आकडा! सरका, आकडा बघू द्या!”

आता मला पळून जाता आलं असतं. फणस दाट होता. पण त्या माळेत दोरा होता! आणि तो गिळला जात होता.

“थांबा!” हा आवाज माझा होता, हे मला नंतर कळलं. मी माणसांतून वाट काढत पुढे गेलो, फकथोंगच्या तोंडातून माळ ओढली, आणि पन्नास माणसांसमोर उभा राहिलो.

“हा राखणदार नाही,” मी म्हणालो. “हा माझा भोपळा आहे. म्हणजे कासव. माळा यानेच खाल्ल्या. पहिल्या दिवसापासून. मला माहीत होतं. मावशी, मला तेव्हाच सांगायचं होतं, पण... भात होता.”

पावडर हळूहळू खाली बसत होती.

“ठाऊक आहे मला,” लमयाय मावशी म्हणाल्या.

“काय ठाऊक आहे?”

“कासव. दुसऱ्याच दिवशी कळलं. एकेचाळीस वर्षं राखणदाराची सेवा करते आहे, त्यांनी माझ्या अंगणात एवढाले लेंडके कधी टाकले नव्हते!”

सगळं अंगण हसलं. तोय सोडून.

“मग तो पाला?” मी विचारलं.

“वयस्कर राखणदारांना सोसतो म्हणालात ना? दोरे कोण काढून ठेवत होतं मग? बोटं सोलली माझी!”

“पण मावशी, तुम्ही बोलला का नाहीत?”

“मी?” मावशींनी कमरेवर हात ठेवले. “बारा वर्षं कुंपणाला कुंपण, कधी पाणी प्यायला आला नाहीत. भोपळ्याने चोरी केली तर तीनदा आलात! मी कशाला बोलू? आणि सकाळी काही वाढावं आणि कोणी येऊन ते खावं, हे माझ्या घरात सोंगक्रानशिवाय होतं कधी?”

मी खाली बघितलं. खाली भोपळा होता.

“मग हा विधी?”

“अहो, खांब महिनाभर डुगडुगतोय! खालून कोण पोखरतंय ते काय मला कळत नाही? देवघर हलवायचं तर राखणदाराची परवानगी नको?”

बुवा शहाणे होते. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं, फकथोंगकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. “परवानगी मिळालेली दिसते,” ते म्हणाले. “दहा पावलं पूर्वेला घ्या. आणि या वेळी खाली काँक्रीट घाला.”

देवघर आता पूर्वेला आहे, भक्कम. जुना खड्डा बुजवला नाही, तो फकथोंगचा. माझ्या रांजणात शिरायचं आणि मावशींच्या अंगणात निघायचं, असा त्याचा भुयारी मार्ग झाला आहे. आम्ही माणसं मात्र चालत जातो. पत्रा काढून टाकला, कुंड्या हलवल्या. खाणं आता आम्ही दोघं मिळून लपवतो. कार्डं मी लिहितो आणि मावशी मुद्दाम भलतीकडे लपवतात. “त्यालाच काय, तुम्हालाही जरा शोधू द्या की!” म्हणतात. तोयला त्या पाठीवर एकशे बारा दिसला होता. लागला नाही. तिने भोपळ्याशी बोलणं टाकलं आहे.

पावसाळा संपत आला तेव्हा मी बाराव्यांदा कागद घेतला. या वेळी थांबलो नाही.

‘प्रिय फाय, उत्तराला चार महिने लागले, कारण प्रश्न अवघड होता. फकथोंग सुखी आहे का, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण ते आता भिंतीच्या कडेने चालत नाही. भिंतच नाही. तू जरूर ये. न्यायला नको, बघायला ये. इथे चिकट भात मिळतो.’

पाकीट बंद करून पायरीवर ठेवलं आणि आत चपला शोधायला गेलो. येईपर्यंत पाकिटाचा एक कोपरा नव्हता. फकथोंग सावकाश चावत होतं. पत्ता शाबूत होता, म्हणून तसंच उचललं.

टपाल कचेरीतल्या मुलीने पाकीट उलटसुलट केलं. “काका, कोपरा कुरतडलाय. उंदीर का?”

“नाही,” मी ताठ मानेने म्हणालो. “ज्याच्याबद्दल पत्र आहे त्याची सही आहे ती!”

ती हसली. तिने शिक्का मारला आणि पाकीट पेटीत टाकलं. मी अगदी तरंगत घरी आलो. मावशींच्या अंगणात बसून भात खाता खाता आठवलं की खाली माझी सही करायची राहिलीच.